जुन्या फिल्टरची रिंग

चष्मेवाल्याने सासरी स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेली गोष्ट एकच, ती म्हणजे सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन ऑइल बदलण्याचं काम. जावयाने समोर येईल ते गोड मानून घ्यावं, मागायला म्हणून जाऊ नये, हे शहाणपण त्याला नंतर सुचलं. त्या दिवशी मात्र उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी त्याची गत होती. मेहुणा म्हणाला, बाबांचे गुडघे काही आता गाडीखाली शिरण्याचे राहिले नाहीत, देऊन टाका गाडी गॅरेजला. सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. तो बघून चष्मेवाला म्हणाला, गॅरेज कशाला, मी आहे ना.

त्याचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेलेला. बारीक स्क्रू, मऊ फडकी, आणि मोठ्यात मोठा पाना म्हणजे करंगळीएवढा. पण आदल्या वर्षी मोबाइलवर बघून बघून त्याने स्वतःच्या गाडीचं तेल बदललं होतं आणि गाडी चालू राहिली होती. तेवढ्यावर त्याला वाटायला लागलं होतं की आपण अर्धे मेकॅनिक झालो. उरलेला अर्धा केवढा असतो, हे तेव्हा त्याला कोण सांगणार?

सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशा काढलाय असं नुसतं सांगून त्यांच्या वर्गात कुणी सुटलं नाही. 'काढलास ना, मग दाखव,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, वाक्य राहिलं. घरात तर ते मुलं लहान असल्यापासूनच होतं. मुलाने दात घासले म्हटलं की दाखव, मुलीने कडी लावली म्हटलं की चल, दाखव. सासूबाई म्हणत, मी लग्नाला हो म्हटलं तेव्हाही यांनी दाखवच म्हटलं असतं, पण काय दाखवायचं ते यांना सुचलं नाही म्हणून निभावलं.

त्या घरात 'दाखव'मधून सूट मिळालेला माणूस एकच होता. जावयाचं काम तपासायचं नसतं. जावयाने भिंतीत खिळा ठोकला आणि तसबीर वाकडी लागली, तर घरचे मान वाकडी करून तसबीर बघतात. सासरेही त्याला अपवाद नव्हते. ते त्याला जावईबापू म्हणत, अहो-जाहो करत, आणि त्याच्या 'हो'ला हो मानत.

घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे फळीवर बरण्या होत्या, बरण्यांत निवडून ठेवलेले खिळे, स्क्रू, वॉशर. एका बरणीवर 'वाकडे, पण चालतील' अशी चिठ्ठी लावलेली होती. त्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी थोडा वेळ चालू ठेवली, तेल गरम होऊन नीट उतरावं म्हणून. मग जॅकवर उचलली, खाली स्टँड दिले. सासरे स्टूल घेऊन बसले आणि चष्मेवाला पुठ्ठ्यावर उताणा होऊन गाडीखाली सरकला. बोल्ट सुटला, काळंभोर तेल घमेल्यात पडायला लागलं. वरून सूचना येत होत्या, आणि त्या भूगोलाच्या तासाला शोभतील अशाच होत्या. आता जरा उत्तरेला सरका, पूर्वेच्या अंगाला फिल्टर दिसेल.

फिल्टर घट्ट बसलेला होता. तो सुटला आणि तेलाचा ओघळ चष्मेवाल्याच्या कोपरापर्यंत आला. नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजायला लागला. दुकानातली मदतनीस बाई सांगत होती, की परवाच्या चष्म्यातून जिन्याच्या पायऱ्या वर-खाली दिसतात म्हणून एक गिऱ्हाईक भांडायला आलंय आणि खुर्ची सोडत नाहीये. चष्मेवाल्याने एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने जुना फिल्टर घमेल्यात उपडा टाकला.

"जुन्या फिल्टरबरोबर त्याची रबरी रिंग आली ना?" सासऱ्यांनी वरून विचारलं. "कधी कधी ती वर इंजिनालाच चिकटून बसते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की रिंगेवर रिंग होते. आज गळत नाही, पण जोर आला की सटकते."

"आली, आली," चष्मेवाला म्हणाला.

त्याने बघितलं नव्हतं. बघायला एक पळ पुरला असता. फिल्टर हातभर अंतरावर होता, नुसता उलटा करायचा होता. पण फोनवर ती बाई आता काय करू म्हणून विचारत होती, कोपरावरून तेल काखेकडे निघालं होतं, आणि रिंग काय, येतच असेल. मुलगा गाडीखाली असता तर वरून 'दाखव' आलं असतं. त्याऐवजी नवा फिल्टर खाली आला. त्याच्या रिंगेवर सासऱ्यांनी नव्या तेलाचं बोट फिरवलेलं होतं.

पुढचं सगळं छान झालं. नवं तेल भरलं, गाडी चालू केली, खाली घातलेला पुठ्ठा कोरडा राहिला. सासूबाईंनी मेकॅनिकसाठी म्हणून मोठ्या कपात चहा दिला. सासऱ्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, की आमच्या जावयांनी स्वतः तेल बदललं, मी नुसता बसून होतो. जुन्या तेलाचा डबा आणि जुना फिल्टर चष्मेवाल्याने आपल्या गाडीच्या डिकीत टाकला. जुनं तेल जमा करायची जागा त्याच्या वाटेवर होती, तिथे देतो म्हणाला, आणि विसरून गेला.

सासूबाईंची थोरली बहीण डोंगरापलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. तिला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि तिकडे बस जात नव्हती. दर बुधवारी सासरे सासूबाईंना गाडीने तिच्याकडे नेत. दोघी बहिणी दिवसभर भांडत आणि संध्याकाळी रडत निरोप घेत. सासरे अंगणात बसून पेपर वाचत. त्या बुधवारचं त्यांनाही मोठं अप्रूप होतं, फक्त ते तसं म्हणत नसत.

तेल बदलल्यानंतरचा दुसरा बुधवार. चढाच्या वळणावर इंजिन ठोकायला लागलं आणि खाडकन बंद पडलं. स्टीअरिंग जड झालं, गाडी मागे सरकली, आणि मागून येणारा ट्रक हातभरावर येऊन थांबला. कुणाला खरचटलंही नाही. चष्मेवाला दुकान टाकून पोचला तेव्हा सासरे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसल्या होत्या. बायको आणि मेहुणा आधीच आले होते.

गाडी ओढून न्यायला आलेल्या मेकॅनिकने तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेलाचा टिपूस नाही, म्हणाला, इंजिन जाम झालंय. जुनी गाडी आहे, कुठलं तरी सील गेलं असेल, आता उघडण्यात अर्थ नाही. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, की समोर तेलाचा लाल दिवा लागला नाही का?

सासरे आपल्या हातांकडे बघत होते. "लागला असेल," ते म्हणाले. "मला दिसला नाही."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी न बोलणं इतकं नवलाचं होतं, की सगळ्यांना वाटलं त्या घाबरल्यात.

शनिवारी चष्मेवाल्याला डिकीतून तेलाचा वास आला तेव्हा डब्याची आठवण झाली. डबा नीट होता. फिल्टर कडेला आडवा पडलेला होता. त्याने तो उचलला आणि सवयीने, लेन्स धरावी तसा उजेडात धरला. तोंडाला गोल खाच होती. ज्या खाचेत रबरी रिंग असायला हवी, त्या खाचेत काही नव्हतं.

तो डिकीच्या कडेवर टेकला. आणि मग मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे कुणालाच माहीत नाही. दुसरी नंतर आली, की ट्रक हातभरावर थांबला होता. या क्रमाची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. आधी स्वतःची कातडी, मग सासू-सासऱ्यांचा जीव.

तो तसाच जुनं तेल जमा करायच्या जागी गेला. तिथल्या माणसाने डबा ओतून घेतला आणि फिल्टरसाठी मोठ्या पिंपाकडे हात केला. पिंपात शेकडो फिल्टर होते, बहुतेकांच्या रिंगा जागच्या जागी. चष्मेवाल्याने आपला त्यांत टाकला. धप्प आवाज झाला आणि घटकाभर त्याला हलकं वाटलं. मग कळलं, की पुरावा टाकला म्हणजे पाप टाकलं असं होत नाही. खाई त्याला खवखवे, आणि ते खवखवणं पिंपात टाकता येत नाही.

तरी तो त्याच दिवशी सांगणार होता. संध्याकाळी सगळे सासऱ्यांकडे जमणार होते. तो मनात वाक्य जुळवत गेला. पण तिथे पोचेपर्यंत मेहुण्याने विषय वेगळाच काढलेला होता. बाबांनी आता गाडी चालवू नये, असं त्याचं म्हणणं. आज ही गाडी गेली, उद्या दुसरी घेतील, आणि पुन्हा आईला घेऊन त्याच डोंगरात जातील. बायकोही रडवेली होऊन भावाच्या बाजूने बोलत होती. तिला झोपेत ट्रक दिसत होता. सासरे खिडकीशी बसून होते आणि सासूबाई भाजी निवडत होत्या, निवडलेलीच पुन्हा निवडत होत्या.

"दाजी, तुम्हीच सांगा," मेहुणा म्हणाला. "तुमचा तर हाच धंदा. बाबांची नजर कशी आहे?"

सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यानेच त्यांचे डोळे तपासले होते. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली होती, आणि शिवाय तक्त्याच्या तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं होतं. त्यांना रस्ता दिसत होता आणि दिवाही दिसायला हवा होता. हे त्या खोलीत त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. पण नजर उत्तम आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न सरळ होता. चूक डोळ्यांची नाही, तर मग तेल गेलं कुठे?

"नजर तशी बरी आहे," तो म्हणाला. "पण वय झालं की रस्त्याकडे लक्ष असताना खालचा दिवा निसटू शकतो."

वाक्य इतकं गुळगुळीत होतं, की ते आपल्या तोंडून किती सहज सुटलं याची त्यालाच भीती वाटली. सासऱ्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. उलट त्यांनी किंचित मान हलवली, आभार मानावेत तशी. त्याचा अर्थ त्याला लागला नाही आणि लावायची हिंमतही झाली नाही. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली. जाम झालेल्या गाडीची किल्ली ती, पण मेहुण्याने ती मुठीत अशी धरली, की जणू आत्ता कुणी हिसकावून घेईल.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. माणूस एकदा अधू ठरला की घर त्याला सगळीकडूनच अधू करतं. सासऱ्यांच्या डोळ्यांबद्दल बोलणं झालं होतं, पण सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले. मुलगी आली की चहाचा कप टेबलावर न ठेवता त्यांच्या बोटांत देऊन वर हाताने हात दाबायची. मुलगा त्यांना उंबरठा आला, असं सांगायचा. त्या उंबरठ्यावरून ते आयुष्यभर ये-जा करत आलेले. आणि ते काही म्हणत नसत. कप धरत, उंबरठा ओलांडत, बरं म्हणत. बरण्यांच्या फळीवर धूळ बसायला लागली. एका बुधवारी मेहुण्याने आईला मावशीकडे नेलं, पुढच्या बुधवारी त्याला काम निघालं, आणि मग बुधवार म्हणजे फोनवरचा वार झाला. मावशीला कमी ऐकू यायचं. सासूबाई ओरडून बोलत, मावशी ओरडून काय म्हणून विचारत, आणि शेवटी दोघीही ठेवते म्हणत. फोनवर भांडायची मजा येत नाही, असं सासूबाई एकदा म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

चष्मेवाला सांगायला म्हणून जात राहिला. एकदा कबुली द्यायला गेला आणि दुरुस्त केलेली छत्री घेऊन परत आला. एकदा तोंड उघडलं तर सासऱ्यांनीच विचारलं, दुकान कसं चाललंय, आणि ते संभाषण संपेपर्यंत धीर संपला. दुकानात गिऱ्हाइकाला तो विचारायचा, हे अक्षर स्पष्ट दिसतंय का, आता, आणि आता? आणि मनात म्हणायचा, मला दिसतंय, मला सगळं स्पष्ट दिसतंय. बायकोने विचारलं, तुम्ही जेवत का नाही नीट? तो म्हणाला, पोट बरं नाही. ते खोटं नव्हतं.

मग गाडी भंगारात द्यायचं ठरलं. भंगारवाला सोमवारी येणार होता. रविवारी सगळे जमले, कारण कारण नसताना जमायला हे एक चांगलं कारण होतं. सासऱ्यांनी सकाळीच गाडीवरचं कापड काढून ती धुतली होती. भंगारात जायची गाडी धुतात का, असं मेहुण्याने विचारलं, तर ते म्हणाले, जाणाऱ्याला आंघोळ घालतातच की. यावर कुणी हसलं नाही.

दुपारी ते चष्मेवाल्याला म्हणाले, की जावईबापू, एक काम आहे. तो नवा फिल्टर काढून घेऊ. चालून चालून किती चाललाय? 'चालतील'च्या बरणीशेजारी राहील. चष्मेवाल्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला.

पुन्हा जॅक, पुन्हा स्टँड, पुन्हा पुठ्ठा. सासरे पुन्हा त्याच स्टुलावर. खालून इंजिनची ती बाजू काळी होऊन त्यावर धूळ थापली गेली होती. तेल कुठून गेलं, ते मेकॅनिकने वाकून बघितलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. फिल्टर हाताने सहज फिरला. तो खाली आला आणि त्याच्याबरोबर दोन रिंगा आल्या. एक आपल्या खाचेत नीट बसलेली. दुसरी तिच्यावर चिकटलेली, एका बाजूने चेपून बाहेर आलेली, जिभेसारखी.

"निघाला का?" वरून सासऱ्यांनी विचारलं.

"निघाला."

त्याने बोटाने ओढली तर ती जुनी रिंग सुटून हातात आली. शर्टाला खिसा होता. रिंग खिशात टाकायची, फिल्टर वर द्यायचा, उद्या गाडी जाईल, आणि जगात ही गोष्ट माहीत असलेला एकच माणूस उरेल. तसा तो आत्ताही एकच होता. एवढे दिवस त्याने त्या एका माणसाबरोबर काढले होते, आणि आणखी एक दिवस त्याच्याबरोबर राहायची त्याची तयारी नव्हती.

"बाबा," तो गाडीखालूनच म्हणाला, "रिंगा दोन आहेत."

मग सासऱ्यांचा पंजा गाडीच्या कडेखाली आला, उघडा.

"दाखवा," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून हा शब्द त्याला उद्देशून पहिल्यांदा आला. त्याने खाचेतली रिंगही काढली, दोन्ही त्या हातावर ठेवल्या आणि सरकत बाहेर आला. उठून उभं राहायचं त्याच्या मनात नव्हतं, म्हणून पुठ्ठ्यावरच बसला आणि सगळं सांगितलं. तुम्ही विचारलं होतं आणि मी न बघता आली म्हणालो. मग डिकीतला फिल्टर बघितला, तेव्हाच कळलं होतं. तो फेकून दिला. आणि डोळ्यांचं विचारलं त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, माहीत असून मी तसं बोललो. तो म्हणाला, आई गाडीत होत्या, बाबा.

सासरे रिंग बोटांत फिरवत राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"मला दिवा दिसला होता, जावईबापू," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने मान वर केली.

"वळणाच्या अलीकडेच लागला. हिनेही बघितला, म्हणाली हे लाल काय लागलंय? मी म्हटलं, दिवाच बिघडला असेल. तेल तर जावयांनी परवाच बदललंय, दिव्याचं काय ऐकायचं." त्यांनी रिंग दुसऱ्या हातात घेतली. "दिसला म्हटलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, मग थांबला का नाहीत. त्याला खरं उत्तर एकच होतं आणि त्यात तुमचं नाव होतं. मुलीच्या देखत ते कसं घ्यायचं? हिला म्हटलं, तू गप्प राहा. ती राहिली."

शेडच्या पत्र्यावर कुठलं तरी पाखरू नख्या वाजवत चाललं होतं.

"आणि तुम्ही माझे डोळे तपासलेले," सासरे म्हणाले. "डोळे चांगले आहेत, हे तुम्हाला ठाऊक. तरी तुम्ही सगळ्यांसमोर दिवा निसटू शकतो म्हणालात. मला वाटलं, म्हाताऱ्याने दिवा दिसूनही गाडी रेटली हे तुम्ही ओळखलंत, आणि मला सांभाळून घेताय."

चष्मेवाल्याने तेलकट हातांनी तोंड झाकलं. त्याला वाटत होतं, की आपल्या अपराधाचा तळ आपण पाहिलाय. तळाखाली आणखी एक घर होतं, आणि त्या घरात हा माणूस इतके दिवस त्याचे उपकार मानत बसला होता.

सासरे म्हणाले, की झालं ते झालं, आत काही बोलू नका. गाडी उद्या जाईल, विषयही जाईल. चष्मेवाला उठला. जावई झाल्यापासून त्याने सासऱ्यांचं जे पहिलं म्हणणं मोडलं, ते हे. त्याने त्यांच्या हातातून रिंगा घेतल्या आणि मागच्या दाराने आत गेला. स्वयंपाकघरात तिघंही होती. सासूबाईंनी त्याच्या तोंडाला लागलेलं तेल बघितलं, मुठीकडे बघितलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. आधी हात धुवा, असं त्या जोरात म्हणाल्या. त्यांनी साबणही पुढे केला.

"नंतर धुतो, आई," तो म्हणाला. त्याने रिंगा टेबलावर ठेवल्या. "बाबांचे डोळे उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, जिभेसारखी बाहेर आलेली रिंग बोटाने दाखवत. काही सोडलं नाही, पिंपही नाही, आपण बोललेलं ते गुळगुळीत वाक्यही नाही. मेहुणा एकदा म्हणाला, पण दाजी, आणि त्याने खुर्ची ओढून घेतली. बायकोने ओट्याचा आधार घेतला होता आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू हा माणूस आपण कधी नीट तपासून घेतला नाही. ते बघणं पुढे बरेच दिवस टिकलं. ते त्याच्या वाट्याचं होतं आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.

पहिल्यांदा धड काही बोलल्या त्या सासूबाई. आपल्याला गप्प बसायला लावल्याचा सगळा राग त्यांनी साठवून ठेवला होता. त्या म्हणाल्या, की माझ्या तोंडाला कुलूप लावलं यांनी, बहिणीलाही सांगू दिलं नाही, एवढं मी लग्नानंतर पहिल्यांदा सोसलंय. आता ऐका. बुधवारी तुमची गाडी घेऊन या. हे चालवतील. तुम्ही मागे बसा.

मागच्या दारात सासरे येऊन उभे राहिले होते. उंबरठ्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

बुधवारी चष्मेवाल्याने दुकान बंद ठेवलं. गाडी सासऱ्यांच्या दारात उभी करून किल्ली त्यांना दिली. सासऱ्यांनी ती लगेच घेतली नाही. गाडी दुसऱ्याची आहे, रस्ता तोच आहे, आणि हाताला सवय राहिली नाही, असं काहीतरी पुटपुटले. खोट्या आंधळेपणाचे ते दिवस त्यांच्या अंगात थोडे खरेच उतरले होते, आणि तेही कुणामुळे, हे चष्मेवाल्याला वेगळं सांगावं लागलं नाही. शेवटी सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पट्टा लावून सरळ समोर बघायला लागल्या. तेव्हा सासरे आत बसले.

चष्मेवाला मागे, मधोमध, दोन सीटांच्या फटीतून वाकून बसला. सासऱ्यांनी किल्ली अर्धी फिरवली. तशी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवाही लागला. त्यांनी इंजिन चालू केलं आणि गाडी न हलवता तसेच बसून राहिले. बाकीचे दिवे गेले, मग तो लालही गेला.

"विझला," सासरे आरशातून मागे बघत म्हणाले. "बघितलात ना?"

"बघितला," चष्मेवाला म्हणाला, आणि या वेळी त्याने खरंच बघितला होता.